घटाची माती

रांजणातून काढलेला मातीचा गाभा प्रयोगशाळेच्या टेबलावर आडवा ठेवला होता. दीड हात लांब, मनगटाएवढा जाड. त्यात चाळीस थर होते आणि दर दोन थरांमध्ये राखेची एक पांढुरकी रेघ. मृदाजीव संस्थेत आजवर हिमनद्यांचे गाभे आले होते, धरणांच्या गाळाचे आले होते. कुणाच्या घरातल्या रांजणाचा गाभा पहिल्यांदाच येत होता, आणि तो आणणारी बाई दुसरीतिसरी कुणी नसून संस्थेची प्रमुख होती, डॉ. ईश्वरी डोखळे.

"हे सगळं तुझ्या आईंनी जमवलंय?" डॉ. यास्मिन मुजावरने हातमोजे चढवत विचारलं. दोघी गेली सोळा वर्षं एकाच टेबलावर भांडत होत्या, त्यामुळे पदाबिदाचा मुलाहिजा नव्हता.

"आमच्यात घटाची माती नदीत सोडत नाहीत," ईश्वरी म्हणाली. "नवरात्र बसलं की मळ्यातून माती आणायची, तिच्यात धान्य पेरायचं. दसऱ्याला कोंब देवाला वाहायचे आणि माती रांजणात ओतायची, वर होमाची राख. मळ्याची लक्ष्मी घराबाहेर घालवायची नाही म्हणून. दोन हजार पंधरापासून दादा गेले तोवर एकही वर्ष चुकलेलं नाही."

दादा म्हणजे तिचे वडील, निवृत्ती डोखळे. दिंडोरीच्या बाजूला खडकवणी गावात त्यांचा चार एकर द्राक्षमळा. शिराज जातीच्या द्राक्षांची बाग, आणि तिच्या वाइनचं एके काळी चांगलं नाव होतं. पुढे नाव गेलं, कारण माती गेली. निवृत्तीदादा औषध मारायचे. आभाळ भरून आलं की औषध, निरभ्र राहिलं की औषध, आणि दोन्ही नसलं तर शेजाऱ्याने मारलं म्हणून औषध. बावीस वर्षांची ईश्वरी मृदाशास्त्र शिकून आली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही वेली जगवत नाही आहात, माती मारताय." ते म्हणाले, "चार पुस्तकं वाचून तू मला शेती शिकवणार?" त्या दिवशी तिने घर सोडलं. नंतरची सतरा वर्षं बापलेकीत सणावारापुरतं बोलणं झालं आणि दादा गेले तेव्हा ती परदेशात एका परिषदेत मातीवर व्याख्यान देत होती.

आता तिला तो मळा परत उभा करायचा होता, एक थेंबही रसायन न वापरता. आणि बाटलीवर नाव हवं होतं, 'निवृत्ती डोखळे यांचा मळा'. आई त्र्याहत्तरची होती. तिच्या डोळ्यांदेखत ते नाव लागावं, एवढंच ईश्वरीला हवं होतं.

"तर्कनोंद," यास्मिनने आठवण केली. परीक्षणाआधी सगळा तर्क पहिल्यापासून मोठ्याने मांडायचा, यंत्र तो नोंदवून घेणार, असा संस्थेचा नियम होता. नियम ईश्वरीनेच केलेला.

"मातीतला जीवाणू विषाणूच्या हल्ल्यातून वाचला, की त्या विषाणूचा एक तुकडा आपल्या जनुकांमध्ये टाचून ठेवतो," ईश्वरी यंत्राकडे पाहत म्हणाली. "नवा तुकडा जुन्याच्या शेजारी, ओळीने. ही झाली स्मृतिमाळ. मातीवर काय काय गुजरलं, ते तिच्यात क्रमाने वाचता येतं."

"आणि औषधं?"

"तांब्याचं औषध मारलं की तांबं सोसणारी जनुकं वाढतात. मारणं थांबलं की ती ओसरतात. म्हणजे कुणी काय मारलं आणि केव्हा थांबवलं, तेही कळतं."

"हजारो जातींच्या स्मृतिमाळा एकत्र केल्या की?"

"मृदाठसा. दोन शेतांमध्ये नुसता एक बांध असला, तरी दोन्हींचा ठसा वेगळा पडतो. द्राक्षाच्या सालीवर रस आंबवणारी जी किण्वं बसतात त्यांच्यातून हा ठसा वाइनमध्ये उतरतो. बाटली उघडली की जमीन ओळखता येते."

याच मृदाठशावर मृदानाम कायदा उभा होता. ज्या जमिनीचा ठसा वाइनमध्ये सापडेल, त्याच जमिनीचं नाव बाटलीवर. भेसळ करणारे बडे कारखाने या कायद्याने सरळ झाले होते आणि कायद्याचा मसुदा ईश्वरीच्या हातचा होता. अडचण तिच्याच घरची होती. दादा गेल्यावर आईने मळा तीन वर्षं एका ठेकेदाराला कसायला दिला. त्याने विषारी धुरी देऊन माती भाजून काढली. सत्तावन्न साली जिल्ह्यातल्या प्रत्येक गटाची भूनोंद झाली, तेव्हा डोखळ्यांच्या चार एकरांपुढे एकच शब्द पडला होता, 'जीवशून्य'.

जमीन जीवशून्य असेल तर तिची जुनी माती शोधायची, तिच्यातले सुप्त जीव जागे करायचे आणि जमिनीत परत सोडायचे, एवढी सवलत कायद्यात होती. म्हणून हा रांजण.

निकाल दुपारी आला. खालचे सव्वीस थर, म्हणजे दोन हजार चाळीसपर्यंतचे, अपेक्षेप्रमाणे एकेक करून मरत गेलेले. तांब्याची जनुकं वर्षागणिक चढलेली. त्यानंतरचे चौदा थर मात्र धडधाकट होते. तांबं नाही, विष नाही, नऊशेवर जाती गाढ झोपलेल्या, पाणी मिळालं तर उद्या उठतील अशा.

ईश्वरी पडद्यासमोर उभी राहिली. एक्केचाळीस साल. घर सोडून तिला तीन वर्षं झाली होती तेव्हा.

"दादांनी थांबवलं होतं," ती म्हणाली. "यास्मिन, त्यांनी औषध थांबवलं होतं गं. मला सांगितलंसुद्धा नाही."

यास्मिनने तिला रडू दिलं. मग चहा आणला आणि चहासोबत शंकाही आणली. "चाळीसचा थर अर्धमेला आणि एक्केचाळीसचा असा टवटवीत? एका वर्षात माती इतकी सावरत नाही, ईश्वरी."

"घटासाठी एखाद्या बऱ्या कोपऱ्यातली घेतली असेल."

"चौदा वर्षं?"

"दादांचा स्वभाव तुला ठाऊक नाही. सोडलं म्हणजे सोडलं."

हेच उत्तर एखाद्या विद्यार्थ्याने दिलं असतं, तर तिने त्याला दाराबाहेर उभं केलं असतं. पण आपल्या घरातली माती कुणी पडताळून बघतं का? शेजारच्या गटांशी ठसा ताडून बघायचं काम प्रमाणपत्राच्या वेळी मृदानामाचं मंडळ करणारच होतं. तिने वरचे चौदा थर ठेवून घेतले आणि खालचे सव्वीस, रांजणात उरलेल्या तेवढ्या मातीसकट, नियमानुसार निर्जंतुकीकरणाच्या भट्टीत टाकायला सांगितले. विष भरलेली मेलेली माती ठेवून करायचंय काय, असा तिचा हिशेब होता.

खडकवणीला पोचली तेव्हा आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. ईश्वरीने तिच्यासमोर बसकण मारली आणि सगळं सांगितलं, थर, तांबं, एक्केचाळीस साल. "मी उगाच इतकी वर्षं डूख धरून बसले, आई. ते बदलले होते."

आईचे हात थांबले. तिने लेकीच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आसंल," ती म्हणाली, आणि पुन्हा मेथीला लागली.

मग तीन वर्षं ईश्वरीने अशी काढली, की संस्थेतले लोक तिला गमतीने शिंगवाली बाई म्हणू लागले. गावोगावच्या गोठ्यांतून तिने तीनशे गाईंची शिंगं गोळा केली. दुभत्या गाईचं शेण आणि चिमूटभर घटाची माती शिंगात ठासायची, शरदात ती शिंगं जमिनीत पुरायची आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काढायची. सहा महिन्यांत शेणाचं काळंभोर, मातकट वासाचं खत होतं. चंद्र बघून पुरायची, अशी या पद्धतीची शिकवण. चंद्रावर ईश्वरीचा काडीचा विश्वास नव्हता, पण शिंग हे नैसर्गिक किण्वनपात्र आहे, एवढं तिला पटलं होतं, आणि आईचा जीव रमतो म्हणून तिने तिथीही पाळली. ते खत पिंपात घालून तासभर ढवळायचं, कधी उजवीकडे तर कधी डावीकडे. मग कडुनिंबाच्या डहाळीने ओळीओळीवर शिंपडायचं.

जोडीला हिरवळीचं खत, ताक, जीवामृत. पहिल्या वर्षी गांडुळं आली. दुसऱ्या वर्षी मुळांना पांढरी बुरशी बिलगली. ती हवीच होती, कारण तीच मुळांना पाणी आणून देते. पावसाळ्यात शेजारच्या बागा डाऊनी रोगाने काळवंडल्या, तेव्हा डोखळ्यांच्या मांडवाखाली पानं हिरवीगार होती. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत शिराजचे घड उतरवले. बाहेरचं किण्व न घालता रस आपसूक आंबू दिला, गंधकही घातलं नाही.

सप्टेंबरात पहिली बाटली उघडली. यास्मिन मुद्दाम आली होती. ती स्वतः घेत नसे, पण वास घेऊन म्हणाली, "पाऊस पडून गेल्यावर जांभळीखाली उभं राहावं तसं वाटतंय." आईने अर्धा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कधी नव्हे ती हसली. ईश्वरीने चिठ्ठीचा नमुना तिच्यापुढे धरला. मोडी वळणाच्या अक्षरांत दादांचं नाव छापलेलं होतं.

"कसं वाटतं?"

"छान हाये," आई म्हणाली. "पन एवढ्या मोठ्या अक्षरांत कशाला?"

प्रमाणपत्रासाठी बाटली मंडळाकडे गेली. नात्याचा संबंध नको म्हणून परीक्षण ईश्वरीऐवजी यास्मिनकडे आलं, सांकेतिक क्रमांकाखाली. पंधरा दिवसांनी क्रमांकामागचं नाव उघडलं आणि ती खडकवणीला आली. फोन न करता स्वतः आली.

"ठसा जुळला," यास्मिन अंगणातच म्हणाली. "अठ्ठ्याण्णव टक्के. पण तुमच्या गटाशी नाही. शेजारच्या गट क्रमांक एकशे बाराशी. खातेदार हिरामण डोखळे."

हिरामण म्हणजे दादांचे धाकटे भाऊ, ईश्वरीचे काका. ते औषध मारत नसत. त्यांच्या बागेतून रोग येतो म्हणून दादांनीच तक्रार केली, छत्तीस साली अधिकाऱ्यांनी येऊन त्यांची सगळी बाग उपटली. काका सिल्व्हासाला एका कारखान्यात पहारेकरी झाले आणि तिकडेच वारले. त्यांचं रान पडीक राहिलं. दोन वर्षांपूर्वी तिथे कुणीतरी शीतगृह बांधलं, बांधापासून बांधापर्यंत काँक्रीट. भूनोंद त्याआधीची असल्यामुळे त्या मातीचा ठसा तेवढा दप्तरात राहिला होता.

"शक्य नाही," ईश्वरी म्हणाली. "तू नमुने बदललेस."

"तीनदा केलं परीक्षण. तुझ्याच पद्धतीने."

"मग पद्धतीत—" असं म्हणून ती थांबली. पद्धतीत चूक नव्हती, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

दाराशी आई उभी होती. तिने पदराला हात पुसले.

"माती म्या बदलली," ती म्हणाली.

आई पायरीवर टेकली आणि सांगू लागली. आवाज शांत होता, बऱ्याच दिवसांचं ओझं उतरवून ठेवावं तसा.

"चाळीसच्या सालाला घट उगवलाच नाही. आधीच्या वर्सांना निदान बोटबोट कोंब यायचे. ह्यांचा सगळा जीव त्या घटावर. कोंब उंच आले तर साल चांगलं, खुजे आले तर रोग येनार. आन् खुजे आले की हा मानूस दुसऱ्या दिवशी दुप्पट औषध घेऊन मळ्यात. म्हून मंग पुढच्या नवरात्रात म्या हिरामणभाऊजींच्या रानातली माती आनली, बांध वलांडून. पडीकच व्हतं रान. कोंब आले हातभर. हे इतके खूश झाले, देवापुढं नारळ फोडला. मला वाटलं, आता औषध कमी करतील."

"केलं?" ईश्वरीने विचारलं. उत्तर तिला कळून चुकलं होतं, पण विचारल्यावाचून राहवलं नाही.

"कुठलं काय! म्हनाले, बघ, माझ्या औषधानं माती कशी सुधारली. शेवटल्या वर्सापर्यंत मारलं. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशीसुद्धा पंप पाठीला व्हता."

ईश्वरीचा राग उसळून आला. कुणावर काढावा तेच तिला कळेना. "आणि मला? मी तीन वर्षं शिंगं पुरत होते, तुझ्या डोळ्यांसमोर. एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"तू त्या दिवशी आली न् रडली," आई म्हणाली. "वीस वर्सांत पैल्यांदा बापाबद्दल चांगलं बोलली. मी काय सांगनार व्हते तुला? तो तसाच मेला म्हून?"

रांजणातल्या मातीने ईश्वरीला एक वडील परत दिले होते, चुकलेले, सुधारलेले, न सांगता बदललेले. ते वडील कधी नव्हतेच. होता तो पाठीवर पंप घेतलेला हट्टी माणूस, आणि तीन वर्षं जिच्यावर तिने जीव लावला ती माती त्याने देशोधडीला लावलेल्या भावाची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रयोगशाळेत गेली. मनात एक आशा धरली होती. "हरकत नाही," ती यास्मिनला म्हणाली, "पुन्हा सुरुवात करू. दादांची खरी माती खालच्या सव्वीस थरांत होती. दुबळी का होईना, होती."

"ते थर तू भट्टीत टाकायला लावलेस."

"त्यांची नोंद आहे ना?"

"नोंद आहे, जीव नाही." यास्मिनने तिला खुर्चीत बसवलं. "आणि अजून एक आहे. तू विचारणारच आहेस, म्हणून मीच सांगते. काल आईंचं ऐकल्यापासून डोक्यात होतं, रांजणात माती चाळीस वर्षं झोपून राहू शकते, तर शेतात का नाही? तीन वर्षांपूर्वी, शिंगं पुरायच्या आधी, तुमच्या मळ्याचे नमुने घेतले होते. भूनोंदीचं यंत्र फक्त जागे जीव मोजतं, म्हणून ते जीवशून्य म्हणालं. मी आज पहाटे त्या नमुन्यांचं वाचन काढून झोपलेले जीव शोधले."

"सापडले?"

"अकरा जाती. तुझ्या खालच्या थरांत होत्या त्याच. दादांची औषधं सोसून, ठेकेदाराची धुरी सोसून, हातभर खोल पडून राहिल्या होत्या. तुम्ही काहीच केलं नसतं, नुसतं पाणी दिलं असतं आणि औषध मारलं नसतं, तर सातआठ वर्षांत त्या आपोआप उठल्या असत्या."

"तो नमुना?"

"तेव्हाच वाचनासाठी विरघळवला. तसाच नियम आहे."

"मग मळ्यातून परत घेऊ. आजच घेऊ, खोलवर जाऊ."

"मी काल निघतानाच घेऊन आले," यास्मिन हळू म्हणाली. "वीस ठिकाणांहून. तू सोडलेले नऊशे जीव सशक्त होते, पोटभर शेण खाऊन आलेले. त्यांनी जागा घेतली, खाणं घेतलं आणि झोपलेल्यांना झोपेतच संपवलं. एकही उरलेला नाही, ईश्वरी."

दादांच्या औषधाला जे चाळीस वर्षांत जमलं नव्हतं, ते ईश्वरीच्या शिंगखताने तीन वर्षांत करून दाखवलं होतं. शुद्ध, सेंद्रिय, तिथी पाळून. वेडीवाकडी का होईना, पण दादांची म्हणावी अशी एक गोष्ट त्या मळ्यात जिवंत होती, आणि ती तिने स्वतः निंबाच्या डहाळीने शिंपडून शिंपडून मारली.

तिला हसू आलं, पण ते हसू नव्हतं. यास्मिनने पाण्याचा पेला पुढे केला. तो तिने घेतला नाही.

"मंडळाचा कागद द्यावा लागेल," थोड्या वेळाने यास्मिन म्हणाली. "आज शेवटची तारीख आहे. नाही दिलास तर वाइन ओतून टाकावी लागेल."

"आण."

कागद साधाच होता. मृदानाम म्हणून मंडळाने आधीच छापून पाठवलं होतं, 'हिरामण डोखळे यांचा मळा'. म्हणजे जी जमीन आता शीतगृहाच्या फरशीखाली आहे, तिचं नाव बाटलीवर लागणार आणि ज्या जमिनीत वेली उभ्या आहेत, तिला नाव नाही. कायदा तसाच होता. तिनेच लिहिला होता आणि त्यात पळवाट राहू नये म्हणून रात्रंदिवस खपली होती. आता शोधूनही ती सापडली नाही.

खाली एक रकाना मोकळा होता. मूळ मृदाजीव नष्ट झाले असल्यास कारण, आणि जबाबदार व्यक्तीचं संपूर्ण नाव. या रकान्यात आजवर जिल्ह्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी आपल्या मेलेल्या बापांची नावं घातली होती. मंडळही फारसं खोलात जात नसे.

"ठेकेदाराचं लिही," यास्मिन म्हणाली. "कुणी विचारणार नाही. किंवा दादांचं लिही, त्यांना आता काय फरक पडणार आहे?"

ईश्वरीने पेन उचललं. कारणापुढे तिने लिहिलं, 'परक्या मातीचे रोपण, शिंगखताद्वारे, २०५८ ते २०६१'. मग पुढच्या जागेत, नियमाप्रमाणे, वडिलांच्या नावासकट आपलं नाव लिहिलं. ईश्वरी निवृत्ती डोखळे.

दादांचं नाव मळ्याच्या दप्तरात चढलं ते एवढंच, आणि तेही तिच्या नावाच्या मधोमध. शाई वाळेपर्यंत ती त्याच्याकडे बघत बसली आणि मग तिने कागद यास्मिनच्या हातात दिला.